अंगणातील पाहुणचार

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहा, असा निरोप आला तेव्हा संपादिकाबाईंनी एक अटही घातली होती. "तुम्ही शाळेत इतिहास शिकविलात, तेव्हा इतिहासावरच लिहा, मात्र लढाया नकोत." अट मला आवडली. लढायांचा आणि तहांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. परंतु आपल्या घरापुढचे अंगण आणि घरामागचे परस यांनाही इतिहास आहे, आणि तो बहुतांशी बायकांच्या हातून घडला आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. चार माणसे घरी बोलवायची म्हणजे अंगण झाडायचे, सडा घालायचा, बसायला काय आंथरायचे ते पाहायचे, झाडाखालचा पाला काढायचा. ही कामे आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. त्या कामाची ही थोडीशी हकीकत.

प्रथम जुन्या ग्रंथांकडे पाहू. वात्स्यायनाचा ग्रंथ दीड हजार वर्षांहून जुना. त्याचे नाव निघाले की आपण जरा संकोचतो. परंतु त्यात गृहिणीच्या कर्तव्यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते वाचून कोणालाही संकोच वाटू नये. घराभोवतीची बाग गृहिणीने स्वतः लावून घ्यावी असे तो सांगतो. भाजीचे वाफे, उसाची बेटे, जिरे, मोहरी, ओवा, बडीशेप. फुलांत जाई, मोगरा, तगर, जास्वंद, कोरांटी. शिवाय आवळा आणि वाळा. एवढ्यावर तो थांबत नाही. बागेत बसण्यासाठी मनोहर ओटे करून घ्यावेत आणि मधोमध विहीर किंवा तळे खणून घ्यावे, असेही त्याने लिहून ठेवले आहे. दुसऱ्या एका ठिकाणी झाडांच्या सावलीतील झोपाळ्याचा उल्लेख येतो. सावली, बैठक, पाणी, सुवास आणि झोपाळा! भगिनींनो, आज आपण बागेत दहा मैत्रिणींना बोलावले तर याहून वेगळे काय लागते? आणि विशेष लक्षात घ्यावयाचे ते हे की, ही बाग सिद्ध करण्याचे काम त्या काळीही गृहिणीकडेच होते.

आता ग्रंथातून घराकडे येऊ. माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात गेले. तिकडे घरापुढच्या अंगणाला खळे म्हणतात. देशावरच्या भगिनींना सांगितले पाहिजे की, कोकणातले खळे दरवर्षी नवे करावे लागते. चार महिने पाऊस असा कोसळतो की, आदल्या वर्षीच्या खळ्याचे नावनिशाण उरत नाही. जिकडे तिकडे गवत आणि शेवाळ. नवरात्र उलटून उघडीप झाली की खळे करावयास घेत. गवत खरवडून काढावयाचे, कुदळीने जमीन उकरावयाची, मोठे दगड वेचावयाचे, चांगली चिकण माती आणून पसरावयाची, पाणी शिंपून ती भिजू द्यावयाची आणि मग चोपण्याने चोपावयाची. चोपणे म्हणजे मुठीचे जाड, सपाट लाकूड. चार-पाच जणी ओळीने उकिडव्या बसत आणि चोपीत चोपीत मागे सरत. तो थप्‌ थप्‌ आवाज वाडीभर ऐकू जाई आणि अमक्याचे खळे आज लागले, हे सर्वांना कळे. जमीन आंबली की शेणाने सारवण. शेणातील गवताचे बारीक तंतू माती धरून ठेवतात, म्हणून सारवलेल्या जमिनीची धूळ उडत नाही आणि ती पायाला गार लागते. आजी सारवी तेव्हा तिच्या हाताची अर्धवर्तुळे एकाला एक लागून अशी उमटत की, वाळल्यावर त्या जमिनीवर जाजम घालायचे जिवावर येई.

खळे झाले की मांडव. लाकडाच्या मेढी पुरून, त्यांवर बांबूचे वासे आणि पोफळीच्या चिरफळ्या बांधून, वर नारळाच्या विणलेल्या झावळ्यांची झापे घालीत. हा मांडव कार्तिकापासून मृगापर्यंत उभा असे. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने लागत; त्याच्या आत खळे आणि मांडव तयार झाला पाहिजे, हा सर्वांचा हिशेब. वृंदावनाला चुना आणि काव लावावयाची, ऊस उभा करावयाचा, चिंचा-आवळे ठेवावयाचे. आणि लग्न लागले की आलेल्या शेजाऱ्यांना त्याच मांडवाखाली फराळ. पुढे त्याच खळ्यात भात झोडले जाई, पापड-कुरडया वाळत, आंब्याची साठे पडत, आणि वैशाखात मुंबईहून चाकरमानी मंडळी आली की रात्री सगळे तेथेच निजत. एकच जमीन, पण स्वयंपाकघराची, कोठाराची, मंगल कार्यालयाची आणि पाहुण्यांच्या खोलीची कामे ती वर्षभर आळीपाळीने करी.

मागच्या परसाची गोष्ट निराळी. तेथे न्हाणीचे पाणी वाया जात नसे. ते केळी, अळू आणि कर्दळीला जाई. म्हणजे पाहुणे आले की जेवावयास पान, भाजीला अळू आणि देवाला फूल एकाच पाण्यावर निघे. या परसातील सोबत्यांचा इतिहास पाहू गेल्यास मोठी गंमत वाटते. दसऱ्याला ज्याच्या तोरणावाचून आपले दार शोभत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. मिरची, पेरू, पपई आणि सीताफळ अमेरिका खंडातली. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. देवळापुढचा पांढरा चाफाही मूळ अमेरिकेतलाच. पुढे इंग्रजी अमदानीत गुलमोहर मादागास्कर बेटावरून आणि बोगनवेल ब्राझीलहून येऊन आपल्या कुंपणावर बसली. यांपैकी कोणालाही आपण परके मानले नाही. आळे केले, पाणी घातले, आणि दोन-चार पिढ्यांत ती आपल्याच घरची झाली. झाडांच्या बाबतीत आपले परस मोठे उदार होते, हे येथे नमूद करून ठेवते. कारण त्याचा पुढे संबंध यावयाचा आहे.

बायकांच्या वर्षाचे बरेचसे समारंभ या मोकळ्या जागेशीच बांधलेले आहेत. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसली की अंगणात चैत्रांगणाची रांगोळी निघे. तीत तुळस, कासव, गोपद्मे, चंद्र-सूर्य, हत्ती, गौरीचा झोपाळा सगळे काढावयाचे. अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघर हळदीकुंकू. कैरीची डाळ, पन्हे, भिजविलेल्या हरभऱ्यांची ओटी, हाताला अत्तर आणि अंगावर गुलाबपाणी. आश्विनात पाटावर हत्ती काढून मुलींचा भोंडला आणि खिरापत ओळखण्याची चढाओढ. कोजागिरीला चांदण्यातले आटीव दूध. कार्तिकात आवळीभोजन; आवळ्याखालची जागा झाडून, सडा घालून तेथे पंगत मांडावयाची. आणि पहिलटकरणीचे डोहाळजेवण! त्याचे तर प्रकारच ठरलेले: एक बागेतले, एक चांदण्यातले, एक नावेतले. झोपाळ्याला फुलांच्या माळा गुंडाळून तिला त्यावर बसवीत. सासरी आलेल्या मुलीला त्या एका दिवशी चारचौघींत मधोमध बसावयास मिळे.

हे सर्व अंगणात आणि परसातच का होई, याचा विचार केला पाहिजे. पुण्याच्या जुन्या वाड्यांची रचना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना उत्तर सहज सुचेल. दिवाणखाना होता, ओसरी होती, पण ती पुरुषांची. बाहेरची माणसे तेथे बसत. बायकांना बैठकीची खोली अशी नव्हतीच. माजघर आणि स्वयंपाकघर ही कामाची ठिकाणे. मागचा चौक, विहीर, पारिजातकाखालचा दगड, तुळशीपुढची फरसबंदी, ह्याच काय त्या त्यांच्या बसावयाच्या जागा. पुरुषांच्या बागा तर फार थोर. पेशव्यांची हिराबाग नानासाहेबांच्या काळातली. समोर तळे आणि मागे पर्वती. सन १८०३ मध्ये लॉर्ड व्हॅलेन्शिया नावाचा इंग्रज प्रवासी पुण्यास आला असता दुसऱ्या बाजीरावाने त्याला तेथे मेजवानी दिली. पांढरे वस्त्र आंथरून त्यावर साहेबलोकांपुढे केळीची पाने मांडली होती. त्या मेजवानीचे वर्णन पुस्तकात उतरले. परंतु त्याच काळी पुण्याच्या शेकडो परसांत बायकांनी बायकांचा जो पाहुणचार केला, त्याचे वर्णन करावयास कोणी प्रवासी आला नाही.

येथवर मी अंगणाचे कौतुकच केले. परंतु इतिहास शिकविणाऱ्या बाईने नुसते कौतुक करून भागत नाही. अंगण कोणी सारवले हे सांगितले. आता तेथे बसावयास कोणाला मिळाले, तेही सांगितले पाहिजे.

माझी एक आत्या होती. अठराव्या वर्षी तिचे कुंकू पुसले गेले आणि ती माहेरी परत आली. आमच्या खळ्याची ती खरी मालकीण. चोपण्याच्या ओळीत ती पहिली, सारवणात ती आजीच्या तोडीची, आणि चैत्रांगणातला हत्ती तिच्याइतका डौलदार वाडीत कोणाला काढता येत नसे. हळदीकुंकवाच्या दिवशी हरभरे तीच भिजवी, कैऱ्या तीच किसे, पन्ह्याचा गोडवा तीच पाही. मग पहिली सवाष्ण पायरी चढली की ती हात धुऊन मागच्या परसात, विहिरीपाशी जाऊन बसे. शेवटची बाई गेली की पुढे येऊन उष्टी भांडी आवरी. मी सात-आठ वर्षांची असेन. "आत्या का नाही येत पुढे?" असे मी आजीला विचारले. "तिचे तिथेच बरे," एवढेच आजी म्हणाली, आणि तिचा आवाज असा झाला की मी पुन्हा विचारले नाही. आजी दुष्ट नव्हती. आपल्याच लेकीला मागे बसवताना तिचा जीव किती तुटत असेल, हे मला आई झाल्यावर कळले. त्याच खळ्याच्या कडेला, पायरीखाली, आणखी एक बाई उभी असे. आमचे शेण आणि मांडवाची झापे तीच आणून देई. तिच्या ओंजळीत हरभरे वरून पडत. मादागास्करच्या झाडाला आम्ही आळे केले; पण वाडीतल्या या बाईला पायरीवर चढू दिले नाही.

हे असेच असावयाचे, असे सर्वांनीच मानले नाही, ही मात्र आपल्या महाराष्ट्राच्या अभिमानाची गोष्ट आहे. सावित्रीबाई फुल्यांनी सन १८५२ मध्ये पुण्यात महिला सेवा मंडळ काढले. आपल्यासारख्या मंडळांची ती थोरली बहीणच म्हणावयाची. त्या वर्षी १४ जानेवारीला त्यांनी संक्रांतीचा तिळगूळ समारंभ केला. अध्यक्षा होत्या पुण्याच्या कलेक्टरची पत्नी, मिसेस जोन्स. निमंत्रणातच स्पष्ट केले होते की, येणाऱ्या सर्व जातींच्या स्त्रियांना एकाच जाजमावर बसविण्यात येईल. भगिनींनो, जाजम ही केवढी साधी वस्तू! आपण ती भाड्याने आणतो, झटकतो, आंथरतो आणि गुंडाळून परत करतो. परंतु १८५२ साली ते जाजम आंथरावयास किती धैर्य लागले असेल, याची कल्पना करून पाहा.

सन १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना मोकळा केला. घरच्या आवारातील पाणी म्हणजे परसाचे काळीज. ते खुले केल्यावर आवाराला कुंपण असले काय आणि नसले काय! पुढे धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवाविवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, आणि १९०० मध्ये पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत तो सुरू केला. गावातल्या वाड्यांत ज्यांना मागे बसावे लागे, त्यांच्यासाठी गावाबाहेर एक अख्खे आवार तयार झाले. १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाचे काम रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले आणि प्रौढ स्त्रिया घराचा उंबरठा ओलांडून एकत्र बसू लागल्या, शिकू लागल्या. परसातल्या त्या बैठकीचीच ही पुढची पायरी, असे मला वाटते.

मधल्या काळात अंगणाचे रूप पालटले. डेक्कन जिमखान्याच्या बाजूला बंगले उठले. परसाची बाग झाली आणि ती घराच्या पुढे आली. पाटाऐवजी वेताच्या खुर्च्या, पन्ह्याऐवजी चहा, सारवणाऐवजी हिरवळ. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे एका दिवसात गेले. जे राहिले त्यांतले पुष्कळ पुढे हळूहळू पाडले गेले आणि तेथे सदनिका उभ्या राहिल्या. तुळस गॅलरीत आली, कोजागिरी गच्चीवर गेली आणि अंगणात मोटारी उभ्या राहू लागल्या. आमच्याही वसाहतीत बहुतेक आवारे फरशांनी झाकली गेली आहेत. सोय झाली हे खरे. चिखल होत नाही, सारवावे लागत नाही, आणि सारवण्याच्या कष्टांतून सुटका झाली याचे दुःख करणारी मी नव्हे. परंतु एकत्र बसावयाची जागा त्याबरोबर गेली, तेवढे मात्र परत मिळविले पाहिजे.

तसे ते अवघडही नाही. जुन्या रीतीतूनच काही गोष्टी घेता येतील. बसावयाची जागा झाडाच्या पूर्वेला धरावी, म्हणजे तिसऱ्या प्रहरी सावली मिळते. पाणी आदल्या दिवशी सकाळीच द्यावे. त्याच संध्याकाळी बाग भिजविली तर ओल चढते आणि डासही जमतात. फरशी घालावयाचीच असली तर निदान प्रत्येक झाडाभोवती हातभर मातीचे आळे मोकळे सोडावे. झाड जगले तरच सावली जगणार. मोगरा, रातराणी बैठकीच्या जवळ असावी. रांगोळी कडेने काढावी, येण्याजाण्याच्या वाटेवर नको. पायरीपाशी एक दिवा अवश्य लावावा. दिवेलागणीच्या आधी कडुनिंबाचा वाळका पाला जाळून धूर करावा. जाजम आंथरावेच, पण आपल्यातल्या पुष्कळ जणींचे गुडघे आता जाजमावर बसू देत नाहीत. त्यांच्यासाठी पाठीच्या खुर्च्या त्याच वर्तुळात ठेवाव्यात, मागे ओळीने नव्हेत. पाण्याचे पिंप सर्वांच्या हाताशी हवे. आणि ज्यांच्या आवारात मोटारी आहेत, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ त्या बाहेर काढल्या तर तेवढीच जागा आपल्याला पुरते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि खरे म्हणजे ती सांगण्यासाठीच हा लेख लिहिला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने विधवांच्या वाट्याला येणाऱ्या अपमानाच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. एका खेड्याने जे केले ते आपल्या शिकलेल्या वसाहतीत व्हावयास हरकत नसावी. आजही आपल्या हळदीकुंकवाच्या दिवशी चार-पाच जणी सकाळी येऊन भाजी निवडतात, वाणाच्या पिशव्या भरतात, आणि संध्याकाळी "जरा डोके दुखते आहे" असे सांगून घरी राहतात. कोणाचे डोके का दुखते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. आवारे झाडणाऱ्या आणि आपल्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बायकाही त्या संध्याकाळी पातेली उचलावयास असतात, जाजमावर नसतात.

काही वडीलधाऱ्या भगिनी म्हणतील, "हा व्रताचा भाग आहे, यात बदल कसा करावयाचा?" त्यांच्या भावनेचा मी अनादर करीत नाही. ज्यांना ज्यांना घरी व्रत करावयाचे त्यांनी ते जरूर करावे. पण मंडळाचा समारंभ सर्व सभासदांच्या वर्गणीतून होतो. वर्गणीच्या वहीत सवाष्ण आणि विधवा असे दोन रकाने नाहीत. कुंकू लावून घेणे न घेणे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु फूल, अत्तर, तिळगूळ आणि बसावयास जागा यांवर कोणत्या व्रताची हरकत आहे?

तेव्हा माझी कार्यकारिणीला विनंती अशी की, येत्या संक्रांतीचा समारंभ "तिळगूळ समारंभ" या जुन्याच नावाने करावा, निमंत्रण प्रत्येकीच्या हाती सारखेच द्यावे, आणि ते जिने आवार झाडले तिलाही द्यावे. समारंभाला माझ्या घरामागची बाग मी आनंदाने देते. झाडावयाचे, आंथरावयाचे आणि दिवे लावावयाचे काम माझ्याकडे. झापांचा मांडव घालता आला नाही तरी आंब्याची सावली आहे. आत्या आज नाही. ती असती तर चैत्रांगणातला तिचा हत्ती मी पहिल्या पायरीपाशीच काढून घेतला असता, आणि तिला खुर्ची मधोमध दिली असती.

मंडळास दीर्घायुष्य आणि उत्तरोत्तर वाढती सभासद-संख्या चिंतून हा लेख पुरा करते. संक्रांतीला सर्वजणींनी यावे.